दुरुस्त केलेली चूक परत का येते? फोनवर मराठी लिहिताना होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

ठाण्यात नौपाड्याला माझं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेची कार्डं, सगळं येतं. पूर्वी लोक मजकूर कागदावर लिहून आणायचे. आता तो व्हॉट्सॲपवर येतो आणि सोबत निरोप असतो, "ताई, आहे तसाच लावा, संध्याकाळी हवाय." इतकी वर्षं हे काम केल्यावर कुठल्या मजकुरात कुठली चूक असणार, याचा अंदाज आधीच येतो. पण एक कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. चूक दाखवली की माणूस लगेच मान्य करतो, तिथल्या तिथे दुरुस्त करून देतो, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक घेऊन परत येतो.

हे कोडं सुटलं ते एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. बँकेतून निवृत्त झालेले काका, पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा मजकूर आला: "सर्व सभासदांना सुचना. उद्या टाकि साफ करण्या साठी पाणि पुरवठा बंद राहिल. कृप्या सहकार्य करावे." मी काही न बोलता त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, काका, हीच नोटीस जरा हाताने लिहून द्या ना. त्यांनी झरझर लिहिलं. सूचना, टाकी, करण्यासाठी, पाणीपुरवठा, राहील, कृपया. एकही चूक नाही, अक्षर तर मोत्यासारखं. माणूस तोच, मजकूर तोच. चूक त्यांच्या हातात नव्हती, फोनमध्ये बसली होती.

तेव्हापासून मी कुणालाही नियम सांगायच्या आधी ही चूक आली कुठून ते शोधते. उगम सापडला तरच ती कायमची जाते.

आधी फोन तपासा

काकांच्या फोनवर मी रोमन अक्षरांत "सूचना" टाइप करायला घेतली, तर दोन-तीन अक्षरांतच वर "सुचना" हजर. कधीतरी घाईत त्यांनी तो शब्द निवडला असणार. कीबोर्ड आपण निवडलेले शब्द लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुढे करतो. चुकीचा शब्द दहा वेळा निवडला की तो कीबोर्डच्या दृष्टीने तुमचा आवडता शब्द होतो. म्हणून तीच चूक परत येते. तुम्ही दुकानात दुरुस्त केलीत, फोनमध्ये नाही.

उपाय सोपा आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं. चुकीचा शब्द त्यावर ओढून सोडा. मग सेटिंगमध्ये कीबोर्डच्या शब्दकोशात जाऊन बरोबर शब्द स्वतः भरा. नेहमी लागणारे वीस-पंचवीस शब्द भरले तरी रोजच्या लिखाणातल्या बऱ्याच चुका थांबतात.

त्यानंतर कीबोर्डची भाषा पाहा. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. अक्षरं देवनागरी दिसतात म्हणून आपण समजतो की मराठी चालू आहे, आणि प्रत्यक्षात निवडलेली असते हिंदी. काकांचंही तसंच होतं. हिंदीत "कि" हे अव्यय ऱ्हस्व आहे, मराठीत "की" दीर्घ आहे. हिंदीत समिति, शांति, भक्ति, पद्धति, संस्कृति असं लिहितात. मराठीत हेच शब्द समिती, शांती, भक्ती, पद्धती, संस्कृती असे होतात. हिंदी कीबोर्ड बिचारा त्याच्या भाषेत बरोबरच सुचवत असतो. भाषांच्या यादीत मराठी घाला आणि गरज नसेल तर हिंदी काढून टाका. गरज असेल तर लिहायला बसताना स्पेसच्या पट्टीवर कुठल्या भाषेचं नाव दिसतंय ते बघायची सवय लावा.

रोमनमधून मराठी करणाऱ्या पद्धतीचा आणखी एक तोटा आहे. ऱ्हस्व की दीर्घ, न की ण, ल की ळ, हे निर्णय ती तुमच्या वतीने घेते. इनस्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे जिथे देवनागरी अक्षरं थेट कळींवर बसवलेली असतात तिथे, तसं होत नाही. तिथे ऱ्हस्व वेलांटी एफच्या कळीवर, दीर्घ आरच्या कळीवर. ल एनवर आणि ळ शिफ्ट दाबून एनवर. प्रत्येक वेळी तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि ठरवावं लागलं की डोकं जागं राहतं. माझ्याकडे कामाला आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टवर बसवते. पंधरा दिवस जड जातं, मग हात आपोआप चालतो.

तुटलेले शब्द

"सोसायटी च्या", "मुलां साठी", "ठाणे मध्ये". ही अंतरं कुठून येतात? सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की कीबोर्ड शब्दापुढे एक जागा सोडतो. त्यापुढे तुम्ही "च्या" लिहिता आणि तो सुटा पडतो. शिवाय हिंदीत "घर के लिए" असं सुटं लिहायची रीत आहे, ती डोळ्यांना सवयीची झालेली असते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटूनच येतात: सोसायटीच्या, मुलांसाठी, घरापुढे. आधीच्या शब्दाला "च्या" लागलं असेल तर मात्र पुढचा शब्द वेगळा: घरामागे, पण घराच्या मागे.

"ठाणे मध्ये" नुसतं जोडून भागत नाही, कारण शब्द वाकायला हवा. ठाणे, ठाण्यात, ठाण्याहून, ठाणेकर. कळवा, कळव्याला. मुंब्रा, मुंब्र्याला. दिवा, दिव्याला. पलीकडे सानपाडा, सानपाड्याला, आणि कोपरखैरणे, कोपरखैरण्यात. "मी ठाणेला राहतो" हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. स्टेशनच्या पाटीवर आणि पत्त्यात नाव सुटं दिसतं, म्हणून ते बदलायचं नसतं असा समज पसरलाय. जी नावं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात आहेत ती वाकतात, तो त्यांच्या मराठीपणाचा भाग आहे. खारघरला, पनवेलला, सीवूड्सला इथे वाकायला काही नाही, म्हणून प्रत्यय सरळ लागतो. बेलापूर जरा लक्ष देऊन: बेलापूरला, बेलापूरचा, पण बेलापुरात. शेवटी लागलेला "आत" पू ला ऱ्हस्व करतो.

आचारी आणि आचार्य

गणेशोत्सवाच्या हिशोबपत्रकात एका मंडळाने छापून घेतलं होतं, "आचार्यांना मानधन". सभेत एका आजोबांनी उठून विचारलं, कोण आचार्य आले होते, प्रवचन कधी झालं? महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्यांना दिलेले पैसे होते ते. आचारी या शब्दाचं रूप आचाऱ्यांना. आचार्य या शब्दाचं रूप आचार्यांना. रफार आणि अर्धा ऱ यांत एवढा फरक आहे.

हा ऱ्य मिळत नाही म्हणून लोक रफार देऊन मोकळे होतात: कर्मचार्यांना, दुसर्या, किनार्यावर, पायर्या. ओळखायची खूण अशी: शब्द मूळ रूपात न्या. किनारा, दुसरा, पायरी, कर्मचारी, शेतकरी. मुळात र ला स्वतःचा स्वर आहे ना? मग पुढे य आला की ऱ्य: किनाऱ्यावर, दुसऱ्या, पायऱ्या, कर्मचाऱ्यांना. मुळातच रफार असेल, जसं सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य, तर रफारच राहतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ, मग डी ने पाय मोडायचा आणि य लिहायचा. फोनवर हे शब्द आधीच शब्दकोशात भरून ठेवणं सगळ्यांत सोयीचं.

मात्र खूण न पाहता सरसकट बदल करू नका. नारळी पौर्णिमेच्या एका फ्लेक्सवर मुलांनी उत्साहाने "दऱ्याला नारळ" केलं होतं. दर्या म्हणजे समुद्र, त्यात रफार मुळातला आहे. दऱ्या असतात डोंगरात. छापायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं.

टिंब गेलं की मान जातो

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यांत जवळचं आहे. कळव्याहून एक मुलगा आला होता, वडील जाऊन चारच दिवस झालेले. मजकूर फोनवर होता: "माझ्या वडीलाच्या स्मरणार्थ". त्याची अवस्था बघून मी घाईने काम हाती घेतलं, नीट वाचलं नाही, आणि दोनशे कार्डं तशीच छापली गेली. संध्याकाळी त्याची आत्या आली आणि कार्ड हातात धरून म्हणाली, "ताई, भाऊ माझा एवढा मोठा माणूस, त्याला असं लिहिलंत?" ती व्याकरण शिकलेली नव्हती. पण "वडिलाच्या" आणि "वडिलांच्या" यांतलं अंतर तिला बरोबर कळलं. मी रात्री बसून सगळी कार्डं परत छापली, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

मराठीत आदर अनेकवचनात असतो आणि अनेकवचन त्या टिंबात असतं. वडिलांच्या, काकांनी, सरांना, अध्यक्षांचं. "अध्यक्षानी सांगितले" लिहिलं तर अध्यक्ष एकेरीवर येतात. खऱ्या अनेकवचनालाही हेच: मुलाना नाही, मुलांना. लोकानी नाही, लोकांनी. नियमाप्रमाणे "तुम्हांला, आम्हांला" यांवरही अनुस्वार आहे. पण "तुम्हाला" आता सगळीकडे रुळलंय, त्यासाठी मी कुणाला अडवत नाही, स्वतःही तसंच लिहिते.

याच शब्दात दुसरी गंमत पाहण्यासारखी आहे, वडील पण वडिलांच्या. त्याकडे खाली येतेच.

टिंबाची दुसरी गळती बोलीतल्या लिखाणात होते. मी इथे "केलं, झालं, असं" लिहितेय, "केले, झाले, असे" नाही. बोलल्यासारखं लिहायचं तर हे चालतं, पण मग टिंब हवंच. "मी काम केल", "अस झाल", "पाणी आल" हे ना बोलीत बसतं ना लेखी भाषेत. फोनवर टिंबाला एक जादा बोट लागतं म्हणून ते सुटतं. हे जमत नसेल तर सरळ "केले, झाले, असे" लिहा, तेही चांगलंच दिसतं. एकाच नोटिशीत अर्धं हे आणि अर्धं ते मात्र नको.

ऱ्हस्व-दीर्घ

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. असे एकूण अठरा. सगळे पाठ करायची गरज नाही. दुकानात रोज लागतात ते मोजके.

शब्दाच्या शेवटी दीर्घ: मी, तू, की, ही, सुरू, टाकी, गुरू, कवी. "सुरु" नाही. अपवाद मोजके: आणि, नि, परंतु, तथापि. "आणी" चूक, आणि "मी नि तू" मधला नि ऱ्हस्व. "त्यांनी" मधला नी हा प्रत्यय आहे, तो दीर्घ. जोडशब्दात पहिला तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द मूळच्या ऱ्हस्वाकडे परत जातो: गुरू, पण गुरुपौर्णिमा. भक्ती, पण भक्तिगीत. व्यक्ती, पण व्यक्तिमत्त्व.

शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: वीज, दूध, मूल, फूल, वीट, वडील, गरीब, नोटीस. आणि शब्दाला प्रत्यय लागून तो वाकला की तोच ऱ्हस्व: विजेचं, दुधाचं, मुलांना, फुलांची, विटांचं, वडिलांच्या, गरिबांना, नोटिशीत. मोठ्याने म्हणून बघा. "मूल" म्हणताना आवाज लांबतो, "मुलांना" म्हणताना आखडतो. नियम जिभेवरूनच आलाय. म्हणून "वीजबिल" बरोबर आणि "विजेचं बिल" बरोबर, पण "विज बिल" आणि "वीजेचे बिल" दोन्ही चूक.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमाला जुमानत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्वरित, उपस्थित, मंदिर, गुण हे ऱ्हस्वच. शरीर, शरीराला यात दीर्घ हलत नाही. सूचना, पूजा, परीक्षा यांतला दीर्घही कायम. यांना युक्ती नाही. शंका आली की शुद्धलेखनाचा कोश उघडायचा, एवढंच. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आपल्या गावात आहे, तिथे जाऊन बसायला कुणाचीच ना नसते. मी सुरुवातीची दोन वर्षं दर शनिवारी शंकांची वही घेऊन जायची.

न आणि ण, आणि आपले आगरी-कोळी शेजारी

"आनि", "पन", "कोन आहे" यांतल्या काही चुका कीबोर्डच्या आहेत. ण साठी शिफ्ट किंवा मोठं अक्षर लागतं, ते राहून जातं. कोन भूमितीत असतो, दारात उभा असतो तो कोण.

पण इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईच्या गावांमध्ये आगरी-कोळी बोली बोलतात, तिथे ण चा न आणि ळ चा ल होतो. "पानी" हा त्या बोलीतला बरोबर शब्द आहे. कुणी आगरीत गाणं, कविता किंवा हळदीची पत्रिका लिहिली असेल तर तिच्यात ण घालून ती "शुद्ध" करू नका. माझ्याकडे असा मजकूर येतो तेव्हा मी एकही अक्षर बदलत नाही, उलट प्रूफ दोनदा त्यांच्याच घरच्या माणसाकडून वाचून घेते. नियम प्रमाण लेखनाचे आहेत, बोलीला तिचे स्वतःचे आहेत.

जोडाक्षरं

प्रसिध्द, श्रध्दांजली, शुध्द. यात द आणि ध उलटे झालेत. "सिद्-ध" असं तोडून म्हणा, द आधी येतो. प्रसिद्ध, श्रद्धांजली, बुद्ध, शुद्ध. लहान फॉन्टमध्ये द्ध नीट दिसत नाही म्हणून डोळा फसतो. अक्षर मोठं करून बघा.

आशीर्वाद: "आशी" म्हणा, मग "र्वाद". रफार वा वर. टाइप करताना र आणि पाय मोडायची खूण व च्या आधी येते, दिसते मात्र वर. जुन्या टंकलेखन यंत्रावर रफार अक्षरानंतर मारायचे, त्यामुळे तिथे हात बसलेल्यांची अजूनही गफलत होते.

महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त, कारण महत् + त्व, तत् + त्व. अस्तित्व, नेतृत्व, सदस्यत्व यांत एकच, कारण अस्ति + त्व. शुभेच्छा म्हणजे शुभ इच्छा, म्हणून "च्छा". पाण्याचा स्रोत, स्त्रोत नव्हे. उज्ज्वल मध्ये दोन ज.

येऊन की येवून? त्या क्रियापदाची आज्ञा करून पाहा. "तू ठेव", "तू लाव", "तू जेव" यांत व ऐकू येतो, म्हणून ठेवून, लावून, जेवून. "तू ये", "तू जा", "तू घे" यांत व नाही, म्हणून येऊन, जाऊन, घेऊन. ही युक्ती मी लहान मुलांनाही शिकवलीय, पाच मिनिटांत येते.

व्हॉट्सॲपमधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. दिसायला सारखे, पण शोधताना एकाने दुसरा सापडेलच असं नाही. अखंड ॲ ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली जागा मिळाली आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ आपल्या वर्णमालेत आले, त्यामुळे तोच वापरा. पीडीएफमधून उचललेला मजकूर मात्र दुरुस्त करत बसू नका. जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असेल तर वेलांट्या आणि रफार भलतीकडे जाऊन पडतात. नवीन टाइप करणं लवकर होतं.

हिंदीच्या वळणाची वाक्यं

"कृपया माझी मदत करा." मराठीत मला मदत करा. "मी त्याला बोललो की उद्या ये." मी त्याला म्हणालो, किंवा सांगितलं. शब्द मराठी, सांगाडा हिंदी. आपल्याकडे एका जिन्यावर चार भाषा नांदतात आणि ते छानच आहे, पण लिहिताना एकदा आजीला हे वाक्य कसं सांगितलं असतं ते मनात म्हणून बघा, लगेच सरळ होतं.

कुणाची चूक दाखवायची असेल तर सगळ्यांसमोर ग्रुपवर दाखवू नका. माणूस दुखावतो आणि मराठीत लिहायचंच सोडतो, हे मी पाहिलंय. वेगळा निरोप पाठवा, बरोबर शब्द लिहूनच पाठवा, म्हणजे त्याला तो उचलून शब्दकोशात टाकता येईल.

आणि फोन बदलला की तो शब्दकोश सोबत आला का, हे पहिल्याच दिवशी तपासा. काकांनी गेल्या दिवाळीत नवा फोन घेतला आणि दोन दिवसांत ग्रुपवर "सुचना" परत आली. ते स्वतःच दुकानात आले, खिशातून तीच जुनी, हाताने लिहिलेली नोटीस काढली आणि म्हणाले, "ताई, हिच्यावरून सगळे शब्द पुन्हा भरू या." त्यांनी एकेक शब्द वाचला आणि मी भरत गेले.